मापाचा सूट आणि शर्ट : शोरूम, मेड टू मेजर की टेलर?

पुण्यात पुरुषांचा सूट घ्यायचा ठरले की पावले आपसूक लक्ष्मी रस्त्याकडे वळतात आणि तिथे तीन मार्ग समोर असतात. ब्रँडच्या शोरूममध्ये टांगलेला तयार सूट अंगावर चढवून पाहावा आणि पिशवीत घालून घरी आणावा, हा पहिला. शोरूममध्येच कापड निवडून माप द्यावे आणि सूट कारखान्यातून शिवून यावा, हा दुसरा. याला तिथे ‘मेड टू मेजर’ म्हणतात. तिसरा मार्ग म्हणजे कापड घेऊन टेलरची पायरी चढणे. गेल्या लग्नसराईत आमच्या घरात या तिन्ही मार्गांनी सूट आले. पुतण्याने तयार सूट घेतला, धाकट्या भावाने मेड टू मेजरचा मार्ग धरला आणि मी नेहमीप्रमाणे टेलरकडे गेलो. तिन्ही सूट एकाच मंगल कार्यालयात, एकाच प्रखर उजेडात पाहायला मिळाल्यामुळे तुलना आयतीच झाली. दुकानांची नावे येथे देत नाही, कारण ती देऊन वाचणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. पाटीवरचे नाव कापड कापत नाही, मास्टर कापतो. आणि एकाच छपराखाली दोन मास्टर असले तर त्यांच्या हातचे दोन सूट दोन वेगळ्या दुकानांतले वाटावेत इतका फरक पडतो.

तयार सूटाबद्दल बोलण्याआधी आकड्यांचा घोळ सोडवलेला बरा. आपल्याकडच्या ब्रँडेड फॉर्मल शर्टावर ३९, ४०, ४२ असा जो आकडा असतो तो कॉलरचा, म्हणजे गळ्याच्या घेराचा, आणि सेंटिमीटरमधला असतो. कोटावरचा ४० किंवा ४२ हा आकडा मात्र छातीचा आणि इंचांमधला. ‘शर्ट ४० चा लागतो, तर कोटही ४० चाच दाखवा’ असे म्हणणाऱ्याला कोट नीट बसला तर तो निव्वळ योगायोग समजावा. शिवाय कोट आणि पँट जोडीनेच विकली जात असेल तर छातीच्या मापावर कंबरेचे माप ठरून गेलेले असते. बहुतेक वेळा कंबर छातीपेक्षा ६ इंचांनी कमी धरतात. पुतण्या नियमाने व्यायाम करणारा, छाती ४२ आणि कंबर जेमतेम ३२. त्याला मिळालेली पँट ३६ च्या कंबरेची. दुकानातल्या शिंप्याने ती मागून ४ इंच आत घेतली, आणि त्यामुळे पाठीमागचे दोन्ही खिसे सरकत सरकत एकमेकांना भिडायला आले. कोट अंगावर असेपर्यंत हे दिसत नाही. जेवणाच्या पंगतीला कोट काढला की सगळ्यांना दिसते.

कोटाचे तसेच. विक्रेता पुढे उभा राहून ‘सर, एकदम फिट’ म्हणत असतो, आणि पुढून तो खरोखर ठीक दिसतही असतो. खरी परीक्षा पाठीमागे आणि खांद्यावर असते. खांद्याची शिवण खांद्याचे हाड संपते तिथेच संपली पाहिजे. भिंतीला खांदा लावून उभे राहावे. दंड भिंतीला टेकण्याआधी कोटाचा पॅड टेकत असेल तर खांदा मोठा आहे. मान सरळ ठेवल्यावर कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून राहायला हवी. तिथे बोटभर फट पडत असेल तर कापणीतली पाठ आणि घालणाऱ्याची पाठ जुळत नाही, आणि हा दोष शोरूमच्या दुरुस्तीत सहसा निघत नाही. बटण लावल्यावर त्याच्याभोवती फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या तर कोट घट्ट आहे. हात वर केल्यावर सगळा कोट हाताबरोबर वर येत असेल तर मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, फार खाली कापला आहे. कंबर थोडी कमी-जास्त करता येते, पँटची आणि बाहीची लांबी करता येते. मात्र बाहीला खरी काजे पाडलेली असतील तर तीही खालून कमी करणे शक्य नसते. खांदा, मुंढा आणि कोटाची एकूण लांबी यांना तयार कोटात हात न लावलेलाच बरा, कारण लांबी कमी केली की खिसे तळाशी आल्यासारखे दिसतात. म्हणून तयार सूट घेणाऱ्याने खांद्याच्या मापाने कोट निवडावा आणि बाकीची दुरुस्ती करून घ्यावी. शोरूममध्ये नेमके याच्या उलट, पोटाच्या मापाने कोट काढून देतात.

किमतीचा मुद्दाही आहे. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपेक्षा महाग तयार कपड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे ‘तयार स्वस्त, शिवलेला महाग’ हे जुने गणित आता प्रत्येक वेळी मांडून पाहावे लागते.

कोटाच्या आतली गोष्ट मात्र गिऱ्हाईक क्वचितच विचारते. कोटाच्या पुढ्याला आकार देण्यासाठी कापड आणि अस्तर यांच्यामध्ये आणखी एक थर असतो. तो गोंदाने चिकटवलेला असला तर त्याला टेलर पेस्टिंग किंवा फ्यूजिंग म्हणतात, आणि टाक्यांनी सैल धरलेला असला तर कॅनव्हास. चांगल्या कॅनव्हासच्या विणीत घोड्याचे केस असतात. त्यांच्यामुळे लॅपेल, म्हणजे कोटाच्या छातीवर दुमडलेली पट्टी, चपटी घडी पडल्यासारखी न दिसता गोलाईने वळते आणि कोट वापरता वापरता अंगाच्या आकाराला येतो. पेस्टिंगचा कोट नवा असताना कडक आणि नीटस दिसतो, पण पुन्हा पुन्हा ड्रायक्लीनिंग झाले आणि इस्त्रीची उष्णता लागली की गोंद सुटू लागतो आणि छातीवर बारीक फुगे येतात. हे फुगे कोणत्याही इस्त्रीने जात नाहीत. ओळखण्याचा उपाय सोपा आहे: कोटाच्या सर्वांत खालच्या काजाच्या खाली कापडाचे दोन्ही पदर चिमटीत धरून हलकेच वेगळे करावेत. मधे तिसरा, सुटा थर बोटांना लागला तर पूर्ण कॅनव्हास, नाही तर पेस्टिंग किंवा फार तर छातीपुरता कॅनव्हास. बेताच्या किमतीच्या बहुतेक तयार सुटांत पेस्टिंगच असते आणि वर्षातून एकदा सूट घालणाऱ्याला ते पुरतेही. टेलरकडे मात्र आपण विचारले नाही तर पेस्टिंगच होईल हे गृहीत धरावे. वेगळे पैसे मोजून निदान छातीपुरता, म्हणजे अर्धा कॅनव्हास मागून घ्यावा.

मेड टू मेजरबद्दल थोडक्यात सांगता येईल. येथे आपला वेगळा साचा तयार होत नाही. कंपनीच्या ठरलेल्या साच्यात आपल्या मापांनुसार फेरफार करून कारखाना शिवतो. ज्याचे अंग साच्याजवळचे आहे त्याला उत्तम सूट मिळतो, शिवण यंत्राची आणि एकसारखी असते आणि तारीख बहुधा पाळली जाते. भावाचे पोट पुढे आणि पाठ किंचित मागे कललेली. माप घेणाऱ्या मुलाने पोटाचा घेर अचूक नोंदवला, पण उभे राहण्याची ढब नोंदवली नाही. परिणामी कोटाचा पुढा आखूड पडला आणि मागची बाजू लांब. मधे कच्ची ट्रायल, म्हणजे कच्च्या टाक्यांवरचा कोट घालून पाहणे, नव्हती, त्यामुळे हे कळले तेव्हा सूट पूर्ण शिवून आलेला होता. दुकानाने सौजन्याने दुरुस्ती करून दिली हे खरे, पण पुढ्याला नसलेले कापड कोठून आणणार?

कापडाविषयी आपल्याकडे जितका आग्रह असतो त्याचा अर्धा जरी शिलाईविषयी असता तर लग्नाचे फोटो निराळे दिसले असते. महाराष्ट्रात सूटाचे कापड म्हटले की रेमंडचे नाव निघते आणि त्याला इतिहास आहे: १९२५ मध्ये ठाण्यात लोकरीची गिरणी म्हणून या कंपनीची सुरुवात झाली, आणि तिचे पहिले स्वतंत्र विक्रीदालन १९५८ मध्ये मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये उघडले. आता मात्र काउंटरवर नावापेक्षा ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ हे आकडे ऐकवले जातात आणि आकडा जितका मोठा तितके कापड चांगले, असे पटवले जाते. हा आकडा फक्त लोकरीच्या तंतूची बारीकता सांगतो. सुपर १०० मध्ये तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन असते, सुपर १२० मध्ये १७.७५, दर १० आकड्यांमागे अर्धा मायक्रॉन कमी होतो. तंतू बारीक तसे कापड मऊ आणि झुळझुळीत, पण तितकेच नाजूक. सुपर १५० ची पँट रोज घालून कार्यालयात खुर्चीवर बसणाऱ्याची ती लवकर विरते. लोकर किती टक्के आणि पॉलिएस्टर किती, हे कापडाच्या काठावर किंवा लेबलवर वाचावे आणि वजन विचारावे. आपल्या हवेत दर मीटर लांबीला २४० ते २६० ग्रॅमचे साध्या विणीचे कापड वर्षभर चालते. मुंबईत किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात अस्तर पाठीला अर्धेच लावायला सांगावे, कारण उकाडा बहुतेक वेळा लोकरीचा नसून पॉलिएस्टरच्या अस्तराचा असतो.

आहेरात आलेले सूटपीस शिवायला काढणाऱ्यांनी आधी ते पूर्ण उलगडून उजेडात धरावे. कित्येक वर्षे कपाटात राहिलेल्या लोकरीला कसर लागलेली असते किंवा घडीवर रंग फिका पडलेला असतो, आणि ती फिकी रेघ मास्टर कितीही चुकवू म्हणाला तरी कोठे ना कोठे निघतेच. साधारण १५० सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडाचे ३ ते ३.२५ मीटर मध्यम बांध्याच्या माणसाला पुरते. चौकडी असेल तर रेघा जुळवण्यासाठी थोडे जास्त लागते. शक्य असेल तर त्याच कापडाच्या दुसऱ्या पँटसाठी सव्वा मीटर आणखी घेऊन ठेवावे, कारण पँट नेहमी कोटाआधी झिजते आणि तोपर्यंत दुकानातला तो ठाण संपलेला असतो.

आता टेलर. माझ्या मास्टरची माप घेण्याची पद्धत मला सगळ्यांत आवडली. टेप हाती घेण्याआधी तो मागे जाऊन नुसता पाहत उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, अंग सैल सोडा. फोटोला उभे राहिल्यासारखे नका उभे राहू.” मग त्याने मला टेबलावरचे एक पाकीट उचलून द्यायला सांगितले, ते पाकीट त्याला नको होते, मी कसा वाकतो ते पाहायचे होते. वहीत इंचांच्या आकड्यांशेजारी त्याने बारीक अक्षरांत उतरता उजवा खांदा, किंचित पोक, पुढे राहणारे हात अशा नोंदी केल्या. उजवा खांदा जाड पॅड घालून उचलता येणार नाही का, असे मी विचारले, तर त्याचे उत्तर मुद्देसूद होते: “वरून सरळ दिसेल, पण काखेत झोळ राहील. तो कापातच घ्यावा लागतो.”

पहिल्या ट्रायलचा कोट पाहून नवख्या माणसाचे मन खट्टू होते. पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके, एकच बाही, खिशांच्या जागी खडूच्या रेघा आणि कॉलरऐवजी कॅनव्हासची पट्टी. पण कोट सुधारतो तो याच अवस्थेत. हात सहज खाली सोडल्यावर माझ्या दंडावर तिरक्या चुण्या पडत होत्या. मास्टरने ती बाही एका झटक्यात उसवून काढली, मुंढ्यात अर्धे बोट पुढे फिरवून टाचण्यांनी पुन्हा लावली, आणि चुण्या डोळ्यांदेखत नाहीशा झाल्या. बाहीची लांबी, रुंदी काहीच बदलले नव्हते. माझे हात पुढे राहतात म्हणून बाहीही पुढे वळवायला हवी होती, एवढेच. तयार सूटात हे होऊ शकत नाही आणि मेड टू मेजरमध्ये फॉर्मवर तशी नोंद केली गेली तरच होते. कच्च्या ट्रायलशिवाय सूट शिवून देणाऱ्या टेलरकडे जाऊन शोरूमपेक्षा निराळे काही मिळते असे मला वाटत नाही. तिथे शोरूमच बरे.

ट्रायलला जाताना ज्या शर्टावर सूट घालायचा तो शर्ट आणि ते बूट घालून जावे. टी-शर्टावर कोट घालून पाहिला तर कॉलरची फट आणि बाहीखालून दिसायला हवा असलेला शर्टाचा पाव ते अर्धा इंच कफ, या दोन्ही गोष्टी तपासताच येत नाहीत; चपला घालून गेले तर पँटची लांबी चुकते. मोबाइल आणि पाकीटही खिशात ठेवूनच पाहावे, कारण लग्नात ते खिशातच असणार. पाठीच्या मधल्या शिवणीत आणि पँटच्या मागच्या शिवणीत एकेक इंच माया, म्हणजे पुढे सैल करता यावे म्हणून आत जादा कापड, ठेवायला आवर्जून सांगावे. लग्नानंतरची दोन वर्षे लक्षात घेता नवरदेवाने तर ती थोडी जास्तच ठेवावी.

तक्रारीही आहेत. पँटचे आसन पहिल्या वेळी उंच झाले आणि बसताना पुढे फुगवटा येत होता. तो दुसऱ्या ट्रायलमध्ये निघाला. अस्तराचा रंग मी निवडलेला नव्हता तो लावला गेला, कारण मास्टरच्या वहीतून कारागिराच्या चिठ्ठीवर जाताना ती नोंद गळली. आणि तारीख! तुळशीचे लग्न लागले की प्रत्येक टेलरच्या दुकानात सूट-शेरवान्यांचा ढीग पडतो, ‘उद्या नक्की’चा अर्थ परवाही राहत नाही, आणि घाईत शिवलेल्या कोटाच्या काजांवर ती घाई दिसते. डिसेंबरमधल्या कार्यासाठी गणपती उठले की कापड टाकावे. नवरात्रात पहिली ट्रायल झाली तर मास्टरही निवांत असतो आणि आपणही. खर्च म्हणाल तर शिलाई जवळजवळ कापडाइतकीच पडली, आणि दोन्ही मिळून पुतण्याच्या तयार सूटापेक्षा थोडी जास्त.

शर्टांच्या बाबतीत माझे मत अधिक ठाम आहे: सूट तयार घेतला तरी चालेल, पण त्याखालचे शर्ट शिवून घ्यावेत. तयार शर्टात गळ्याचे माप धरले की बाहीची लांबी आणि पोटाचा घेर कंपनी ठरवते, आणि ज्याचा गळा जाड पण हात आखूड आहे त्याने कफ मनगटावर गोळा करून हिंडायचे. शिवलेल्या शर्टाची शिलाई सूटाच्या मानाने किरकोळ असते आणि फरक रोज जाणवतो. कापड निवडताना सुताचा काउंट विचारावा. इंग्रजी काउंटमध्ये एका पौंड कापसातून ८४० यार्डांच्या किती लडी निघतात ते मोजतात, म्हणजे १०० काउंटच्या एका पौंड सुताची लांबी ८४,००० यार्ड, सुमारे ७७ किलोमीटर भरते. ८० ते १०० काउंटचे दुपदरी सूत असलेले कापड कार्यालयासाठी उत्तम. एकपदरी सुताचे त्याच काउंटचे कापड स्वस्त मिळते, पण लवकर विरते आणि कॉलरच्या घडीवर आधी फाटते. पॉपलिन सपाट आणि गार, ट्विलला बारीक तिरक्या रेघा आणि सुरकुत्या कमी. लग्नाच्या सूटाखाली पांढरे ट्विल उठून दिसते. ५८ इंच पन्ह्याचे १.६ मीटर कापड पूर्ण बाहीच्या शर्टाला बहुतेकांना पुरते, उंच माणसाने पावणेदोन मीटर घ्यावे.

सुती कापड कापण्याआधी पाण्यात भिजवून वाळवायला सांगावे, आणि दुकान ते करत नसेल तर घरी भिजवून द्यावे. न भिजवता शिवलेल्या शर्टाची कॉलर पहिल्या धुण्यात आटते आणि वरचे बटण कायमचे उघडे राहते. बटण लावल्यावर कॉलर आणि गळा यांच्यामध्ये दोन बोटे सहज गेली पाहिजेत; टाय लावणाऱ्याने यात काटकसर करू नये. कोटात पेस्टिंग नको म्हणालो, पण शर्टाच्या कॉलरमध्ये ती ताठ ठेवणारे बकरम चिकटवलेलेच योग्य, कारण ती रोज धुतली जाते आणि सुटे बकरम आत गोळा होते. फक्त ते फार कडक नको, आणि टोके सरळ राहण्यासाठी काढता येणाऱ्या पट्ट्या असाव्यात. डाव्या हाताला घड्याळ असेल तर त्या बाजूचा कफ पाव इंच मोठा ठेवायला सांगावे. खांद्याची शिवण, मुंढा, पाठीवरच्या चुण्या या गोष्टी एका शर्टावर पक्क्या करून, तो धुऊन आणि घालून पाहिल्यावरच उरलेले शिवायला टाकावेत. एकदम अर्धा डझन शर्ट टाकून सवलत मागणारे गिऱ्हाईक एकच चूक सहा वेळा शिवून घेते.

ऑर्डरच्या पावतीवर दोन ओळी जास्त लिहून घ्याव्यात: कोणत्या मास्टरने कापले आणि आत काय घातले, कॅनव्हास की पेस्टिंग. मास्टर दुकाने बदलतात, आणि पुढच्या वेळी आपल्याला दुकानापेक्षा तोच हवा असतो. सूट ताब्यात घेताना दुकानातच पुन्हा घालून पाहावा, आणि उरलेल्या कापडाचा तुकडा व दोन जादा बटणे मागून घ्यावीत. मला ती मागितल्यावर मिळाली, आपणहून कोणी दिली नाहीत. कोटाला खिळा लागून भोक पडले तर रफूवाल्याला त्याच कापडातले धागे उसवून घ्यावे लागतात, आणि असा तुकडा जवळ नसला तर ते धागे पँटच्या दुमडीतून किंवा कोटाच्या मायेतून काढावे लागतात.